रामटेके सर आणि साबणाच्या दहा वड्या

सर वारल्याचं कळलं तेव्हा मी झुरळं मोजत होतो. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस. बावीस मुलं म्हणजे बावीस झुरळं, वर पाच-सहा जास्तीची, कारण एखादा तरी बहाद्दर पहिल्याच कापाला अन्ननलिका तोडतो आणि मग माझ्याकडे असा पाहतो की जणू मीच तोडली. शिपाई दारात येऊन म्हणाला, "रामटेके सर वारले जी. सकाळीच. घरी." मी "बरं" म्हणालो आणि अठरापर्यंत मोजून झालं होतं ते पुन्हा एकपासून मोजलं. बाहेरगावचे परीक्षक आले, परीक्षा झाली, ट्रे धुतले, सुया पुसून डब्यात ठेवल्या, आणि साडेचारला सायकल काढून सरांच्या घरी गेलो. तोवर सगळं आटोपत आलं होतं. अंगणात लोक बुद्धवंदना म्हणत होते. मी मागच्या रांगेत उभा राहिलो. परीक्षा टाकून मी आधीच का निघालो नाही, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. सर असते तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं असतं, "गणपतराव, थांबून तुले काय भेटलं?"

हाच त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न होता. माणूस जे करतो ते करून त्याला काय भेटतं. आणि जिथे काहीच भेटत नाही, उलट गाठीचं जातं, तिथे तो ते काऊन करतो. चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात ते मानसशास्त्र शिकवायचे. मी प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये सहायक. ते चिमूरकडचे, शेतमजुराच्या घरातले. ते शाळेत होते तेव्हा घरानं धम्म स्वीकारला. मी चामोर्शीजवळच्या तलावावर मासे मारणाऱ्या घरातला, घरातला पहिला मॅट्रिक. ते प्राध्यापक आणि मी बेडूक पकडून आणणारा. असं असूनही आमचं जमलं, आणि त्याचं कारण म्हणजे बकऱ्याचं भेजं.

मी नोकरीला लागलो त्याच वर्षीची गोष्ट. सर एका रविवारी लॅबच्या दाराशी आले, हातात पळसाच्या पानात बांधलेलं काहीतरी. म्हणाले, "हे उभं कापून देता का? मधोमध." बकऱ्याचं भेजं होतं, बाजारातून ताजं आणलेलं. मी कापलं. फुलकोबी उभी चिरावी तसं ते दिसतं. सरांनी वहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, विणकामाची सुई खिशातून काढली आणि आत टोचत म्हणाले, "उंदराच्या मेंदूत इथी कुठंतरी बारीक तार घालून वीज सोडली आणि त्याची कळ त्या उंदराच्याच हाती दिली, तर तो खाणंपिणं सोडून कळ दाबत बसते. थकून पडेस्तोवर. म्हणजे 'भेटलं' असं वाटायची जागा इथी कुठंतरी आहे."

"कुठंतरी म्हणजे कुठी?" मी विचारलं. लॅबवाल्या माणसाला 'कुठंतरी' चालत नाही.

"माणसात नेमकी कुठी, ते कोणी छातीठोक सांगू नाई शकत अजून," सर म्हणाले आणि खूश होऊन हसले. तेवढ्यात वहिनी शोधत आल्या. ते भेजं त्यांनी दुपारच्या जेवणासाठी आणवलं होतं. "अरे बाप्पा! भाजीचं सामान घेऊन शिकवत बसले का!" असं म्हणून त्यांनी दोन्ही अर्धुकं पानात गुंडाळली आणि नेली. मलाही जेवायला बोलावलं. त्या दिवशी मी जे खाल्लं त्याचा अभ्यास नुकताच झाला होता, त्यामुळे पहिला घास जरा जड गेला.

सर वर्गात फार गाजलेले वगैरे नव्हते. आवाज बारीक, फळ्यावरचं अक्षर तिरकं. पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की माणूस अर्धा खुळा व्हायचा. एकदा त्यांनी टेबलावर फुटाण्यांचा डबा ठेवला. काही मुलांना रोज चार दाणे द्यायचे आणि काहींना मनाला येईल तेव्हा. महिन्याभरानं डबा रिकामाच ठेवला. रोज मिळणाऱ्यांनी दोन दिवसांत नाद सोडला. कधीमधी मिळणारी पोरं मात्र पुढचे पंधरा दिवस डब्याकडे माना वळवून बसायची. सर मला सांगायचे की जे ठरलेलं असतं त्याचं मेंदूला काही वाटत नाही, आणि अंदाज चुकला की मात्र तो खडबडून जागा होतो. मी म्हटलं, मग पगाराचंही असंच करून पाहा. ते म्हणाले, ते सरकार करून राह्यलं ना!

पण त्यांचा खरा जीव अडकला होता तो पीएच.डी.त. हे सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्याशी आहे. त्यांच्या गावातून कॉलेजात शिकवायला गेलेले ते पहिले, आणि डॉक्टर होणारेही आपणच पहिले असावं असं त्यांना फार वाटे. ते लपवतही नसत. घर बांधलं तेव्हा दारावरची पाटी रंगवून घेताना त्यांनी नावाच्या आधी दोन अक्षरांची जागा मोकळी सोडायला लावली होती. पेंटरनं विचारलं, "सर, हे काऊन खाली ठेवलं?" तर म्हणाले, "तिथी 'डॉ.' येणार आहे. रंग सांभाळून ठेव." नागपूरच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांकडे त्यांनी नाव नोंदवलं होतं. विषय मात्र चार वर्षं ठरत नव्हता.

तो एका खेळामुळे ठरला. कुठल्याशा परदेशी मासिकातल्या लेखाची झेरॉक्स त्यांच्या हाती आली. खेळ असा: दोन माणसं समोरासमोर बसवायची. मध्ये काहीतरी वस्तू ठेवायच्या. पहिल्यानं त्यांचे दोन वाटे करायचे, तुला इतकं, मला इतकं. दुसऱ्यानं फक्त हो किंवा नाही म्हणायचं. हो म्हटलं तर ज्याचा वाटा त्याला. नाही म्हटलं तर दोघांनाही काही नाही. घासाघीस करायची नाही. आता शहाण्या माणसानं एक वस्तू मिळाली तरी हो म्हणावं, कारण शून्यापेक्षा एक बरी. पण लोक नाही म्हणतात! समोरच्यानं स्वतःला जास्त ठेवलं की आपलं नुकसान करून घेतात आणि त्याला धडा शिकवतात. सर म्हणाले, "गणपत, हे मले पायजे होतं. हातचं सोडून नाई म्हणून राह्यला माणूस. काय भेटते त्याले?" परदेशात हा खेळ पैशांवर खेळत. सरांनी पैसे नकोत म्हटलं. खेड्यात पैसे मांडून बसलो तर लोक मतं मागायला आले समजतील. म्हणून साबण. सडत नाही आणि सगळ्यांना लागतो. दहा वड्या मांडायच्या.

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा दोन-अडीच वर्षं झाली असतील. एक हिवाळाभर आम्ही साबणाची पेटी घेऊन फिरलो. कॉलेजची मुलं झाली, घुग्घुसचे खाणकामगार झाले. तिथे अगदी त्या लेखात लिहिल्यासारखं झालं. एकाला समोरच्यानं दोन वड्या देऊ केल्या तर त्यानं त्या उचलून त्याच्या अंगावरच भिरकावल्या. पाच दिल्या की हो, सात दिल्या की हसत हो. सर म्हणाले, आता एक गाव घेऊ, जिथे लोक रोजच वाटून खातात. मी म्हटलं, मग आमचंच घ्या. आमच्याकडे उन्हाळ्यात तलावाचं पाणी खाली गेलं की सगळी घरं मिळून जाळं ओढतात आणि मासळीचे घरटी ढीग लावतात. मग ज्याचा त्यात वाटा नाही असा एक माणूस ढिगांकडे पाठ करून बसतो. दुसरा एकेका ढिगाला हात लावून विचारतो, "हा कोनाचा?" आणि पाठमोरा माणूस न पाहता नाव घेतो. ढीग लावणाऱ्याला शेवटी उरलेला. हे ऐकून सरांनी मला शाबासकी दिली. मलाही आपण मोठाच शोध लावून दिल्यासारखं वाटलं.

तर एका रविवारी आमच्या गावच्या शाळेत खेळ झाला. सर नियम सांगायचे, आणि ते जरा पुस्तकी बोलू लागले की मी आमच्या बोलीत उलगडून सांगायचो: "हे पाहा, यानं वाटे पाडले. तुमाले पटले तं हाव म्हना. नाई पटले तं नाई म्हना. नाई म्हटलं का दोघालेबी काही भेटत नाई. समजलं?" सगळे माना हलवायचे. माझा काका, सोमाकाका, आला तेव्हा त्याच्यासमोर गावातला लक्ष्मण बसला होता. लक्ष्मणनं बराच विचार केला आणि आठ वड्या काकापुढे सरकवल्या. स्वतःला दोन. काकानं वड्यांकडे पाहिलं, मग लक्ष्मणकडे पाहिलं, आणि म्हणाला, "नाई."

सर पुढे वाकले. "सोमाभाऊ, आठ भेटून राह्यल्या तुमाले."

"दिसते ना मले."

"मंग?"

"नाई म्हनलो ना, मास्तर."

तशा दिवसभरात आणखी सहा-सात जणांनी सात-सात, आठ-आठ वड्या नाकारल्या. संध्याकाळी एस.टी.त सरांना जागेवर बसवत नव्हतं. कमी मिळालं म्हणून नाही म्हणणारे त्यांनी पाहिले होते. जास्त मिळतं म्हणून नाही म्हणणारे कुठल्याच लेखात नव्हते. चामोर्शी सुटायच्या आत त्यांनी उपपत्ती रचली आणि चंद्रपूर येईपर्यंत तिला नाव दिलं. जास्तीचा वाटा घेतला की माणूस मिंधा होतो. गाव लहान, उद्या त्याच माणसाबरोबर जाळं ओढायचं आहे. तेव्हा मेंदू समोरच्या आठ वड्या पाहतच नाही, तो पुढची वर्षं पाहतो आणि मिंधेपण टाळतो. मला हे इतकं पटलं की छाती फुगली. माझा काका म्हणजे केवढा स्वाभिमानी माणूस!

प्रबंध टाइप होऊन नागपूरला गेला. ऋणनिर्देशात माझं नाव होतं, आणि 'यांच्यावाचून हे काम झाले नसते' असं वाक्य होतं. ते पान मी घरी नेऊन बायकोला दाखवलं, सासऱ्यालाही दाखवलं. मग मार्गदर्शकांचं पत्र आलं. त्यांचं म्हणणं, जास्त मिळत असताना नाही म्हणणाऱ्या या लोकांना नियमच कळलेला नाही, तेवढ्या ओळी गाळाव्यात. माझं डोकंच सणकलं. तलावाच्या पाण्याकडे नुसतं पाहून खाली कोणता मासा आहे ते सांगणारा माझा काका, आणि त्याला दहा वड्यांचा खेळ कळत नाही? नागपुरात पंख्याखाली बसून कोण कुणाला अडाणी ठरवतो! सरही अडून बसले. "तो समजून नाई म्हणाला, गणपत. मी त्याच्या तोंडाकडे पाहून राह्यलो होतो." वर्षभर पत्रं गेली-आली. गाळल्या तर पदवी, नाही गाळल्या तर बोंबला, इतकं साधं ते प्रकरण होतं. आणि मी सरांना रोज चेव आणत होतो, की एक ओळ गाळू नका.

त्या उन्हाळ्यात सरांना आमच्या तलावाची वाटणी डोळ्यांनी पाहायची होती. नेमकं तेव्हाच माझ्या साळ्याचं लग्न ब्रह्मपुरीला निघालं. सर एकटेच गेले, काकाकडे उतरले, दोन दिवसांनी परत आले. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा त्यांनी मला सांगितलं की प्रबंध मागे घेतला.

"त्यांनी नाही म्हटलं?"

"नाई जमलं, गणपत... जाऊ दे."

बस्स, एवढंच. पुढचं सगळं मी माझ्या मनानं भरलं. नागपूरवाल्यांनी गळा घोटला. मजुराच्या पोराला डॉक्टर होऊ द्यायचं नव्हतं. हे मी स्टाफरूमच्या दारात, पानठेल्यावर, एस.टी.त, ऐकणारा मिळेल तिथे सांगितलं. एक निनावी पोस्टकार्डही त्या मार्गदर्शकांना टाकलं, त्यातला मजकूर इथे छापता येणार नाही. सरांना कळलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "तो माणूस वाईट नाई. तुले सांगून ठेवतो." मी मनात म्हटलं, सर साधे आहेत. पाटीवरची ती मोकळी जागा तशीच राहिली. नवीन माणूस विचारायचा, पेंटरचा हात चुकला का म्हणून. सर "हाव" म्हणायचे.

त्यानंतर मात्र सरांनी एक केलं. दर उन्हाळ्यात ते आमच्या गावी जाऊ लागले आणि गावानं त्यांना पाठमोरं बसवायला सुरुवात केली. त्यांचा वाटा नव्हता, त्यामुळे माणूस अगदी योग्य. टॉवेल डोक्यावर घेऊन, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ढिगांकडे पाठ करून बसायचे आणि घरोघरची नावं पुकारायचे. एखाद्याचं नाव दोनदा घेत, एखाद्याचं विसरत, मग हशा. "मास्तर, मी मेलो का?" असा तो विसरलेला ओरडायचा. वाटणी झाली की बाया त्यांना ओंजळभर झिंगे देत, ते वहिनींसाठी पानात बांधून घेत. मी त्यांना एकदा विचारलं, आता प्रबंध तर नाही, मग हे काय? म्हणाले, "इथी वाटे कोणाचा मेंदू ठरवून राह्यला, सांग बरं? कोणाचाच नाई. मले पाहायला मजा येते." सर तेव्हा खरंच मजेत दिसायचे. मला त्यांचा थोडा रागही येई. माणसाची पदवी गेली आणि तो झिंगे घेऊन हसतो!

यंदा मार्चअखेर सर गेले. पन्नाशीही गाठली नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला मी वाटणीला गावी गेलो. पाठमोरं बसायला या वेळी शाळेचे नवे गुरुजी होते, बाहेरगावचे. जाळं ओढून झालं, ढीग लागले, पुकारा सुरू झाला. तिसऱ्या-चौथ्या ढिगावर हात पडला. त्यात दोन मोठाल्या मरळी होत्या, कुणाच्याही तोंडाला पाणी सुटावं अशा.

"हा कोनाचा?"

"सोमाचा," गुरुजी म्हणाले.

"नाई," काका म्हणाला.

ढीग लावणाऱ्यानं सगळे ढीग हातानं मोडून एकत्र केले आणि पुन्हा लावायला बसला. आमच्याकडे हे असंच आहे. ढीग सारखे पडले नाहीत असं वाटलं तर ज्याचं नाव निघालं त्यानं नाई म्हणायचं, मग त्याला जास्त आलेलं असो की कमी. नाई म्हटलं की कोणालाच काही मिळत नाही, ढीग मोडतात आणि नव्यानं लागतात. त्यात कुणी रागावत नाही. दोन-चार वर्षांतून एकदा होतं. मी लहानपणापासून पाहत आलोय.

काका माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला, बिडी पेटवली. मी गमतीनं म्हटलं, "काऊन काका? मरळी सोडल्या ना हातच्या!"

"बरोबर नव्हते पडले. पुन्हा पाडून राह्यला ना तो." मग झुरका घेऊन म्हणाला, "साबनाच्या टायमालेबी मले हेच वाटलं होतं. आठ न् दोन, हे का वाटे झाले? लक्ष्मनले पाडता नाई आले. म्हनलं, नाई म्हनू, पुन्हा पाडन. आमी नाईवाले सारे बाहेर वऱ्हांड्यात बसून होतो, आता बलावतीन, मंग बलावतीन... दिवस बुडाला तं तूच आला न् म्हनला, घरी जा."

हो. बसले होते. मी गेलो होतो सांगायला. मला वाटलं होतं, गप्पा मारत बसलेत.

काका म्हणाला, "मास्तरले सांगतलं होतं मी. तू साळ्याच्या लग्नाले गेला त्या साली. त्याच्यासमोरच असे ढीग मोडले न् त्यानं मले विचारलं. मी सांगतलं. मंग मले म्हने, गनपतले हे माईत आहे का? म्हनलं, त्याले काऊन नाई माईत, तो इथलाच ना. तं म्हने, सोमाभाऊ, त्याले सांगू नका आपलं बोलनं झालं म्हनून."

"मग आता काऊन सांगितलं?"

"आता मास्तर नाई ना," काका म्हणाला. तेवढ्यात ढीग लागले आणि तो उठून गेला.

सरांना मी सगळं सांगितलं होतं. पाठमोरा माणूस सांगितला, शेवटचा ढीग कुणाचा ते सांगितलं. नाई म्हटल्यावर ढीग पुन्हा लागतात, एवढं एकच सांगितलं नाही. लपवलं नाही, सुचलंच नाही. श्वास घेतो हे कुणी सांगतं का? आणि आता हा लेख वाचून पाहिला तर वर वाटणीचं लिहिताना मी इथेही ते लिहायचं विसरलोच आहे. तसंच राहू देतो.

परत आल्यावर वहिनींकडे गेलो आणि ती फाईल मागितली. त्यात मार्गदर्शकांचं शेवटचं पत्र होतं, हातानं लिहिलेलं. 'रामटेके, हट्ट सोडा, तेवढ्या ओळी गाळा, मी आज सही करतो. तुम्ही डॉक्टर व्हावं असं मला मनापासून वाटतं.' या माणसाला मी पोस्टकार्ड टाकलं होतं. आणि सरांच्या उत्तराचा कच्चा खर्डा होता. त्यांनी लिहिलं होतं, तुम्ही म्हणता ते खरं निघालं, लोकांना नियम आपल्याला हवा तसा पोचला नव्हता. पण ज्यांनी हो म्हटलं त्यांनाही तोच नियम तसाच सांगितला गेला होता. नकार खोटा धरायचा आणि होकार खरा धरायचा, हे मला जमणार नाही. त्या गावाची मोजणी गेली तर प्रबंधात उरतं काय, म्हणून सगळाच मागे घेतो. नियम कुणी सांगितला, कुणाच्या तोंडून पोचला, याचा त्यात एक शब्द नव्हता.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"माईत होतं, गणपतभाऊ. आठ दिवस धड जेवले नाईत. मी भांडलीबी. म्हणलं, गणपतभाऊले विचारा तरी, काऊन नाई सांगतलं. त्याईच्यापायी तुमचं 'डॉक्टर' गेलं."

"मग?"

"म्हणे, विचारलं तं तो मले तोंड दाखवणार नाई. मंग संध्याकाळी मी चहा कोणासंग पेऊ?"

रोज पाच वाजता सर लॅबमध्ये यायचे. स्पिरिटच्या दिव्यावर मी बीकरमध्ये चहा करायचो, नियमात न बसणारा, आणि दोघं स्टुलांवर बसून अर्धा तास बोलायचो. अकरा वर्षं. त्यात विशेष असं काही नव्हतं, निदान मला तरी वाटत नव्हतं. वहिनींसमोर मला रडू आलं. वहिनी "घ्या, थंडा होऊन राह्यला" म्हणाल्या, आणि मी तो चहा प्यायलो.

नागपूरच्या त्या प्राध्यापकांना मी या वेळी नाव-पत्ता घालून पत्र लिहिलं आहे. पोस्टकार्ड माझं होतं हेही लिहिलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. लॅब मी हल्ली पाचच्या आतच बंद करतो.